कासूआबाचा आवाज

खाजाभाई गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट कोणती आली, ते आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं मी त्यांच्याबद्दल चार बरी वाक्यं लिहिली, तर ती कुणाच्या हातची आहेत हे वाचणाऱ्याला ठाऊक असेल. सकाळची वेळ होती. मी नांदेडच्या घरी आरशासमोर दाढी करत होतो. लातूरहून अभयचा फोन आला. "सर, खाजाभाई गेले," एवढं म्हणून तो रडायला लागला. माझ्या अर्ध्या गालाला साबण होता. आणि मनात आलं, चला, आता कासूआबा आपल्याला मिळणार.

वाईट वाटलं. नाही असं नाही. पण ते नंतर वाटलं.

कासूआबा म्हणजे एक कासव. अभय लातूरचाच मुलगा. हैदराबादला कार्टून करायला शिकला आणि तिकडची नोकरी सोडून परत आला. लातुरात त्यानं छोटासा स्टुडिओ थाटला आणि लहान मुलांसाठी दहा भागांची एक मालिका करायला घेतली. एका जुन्या विहिरीत एक म्हातारं कासव राहतं आणि काठावर येणाऱ्या पोरांना गावाच्या गोष्टी सांगतं, एवढाच तिचा जीव. या कामात आवाज आधी भरतात आणि मग त्या आवाजाबरहुकूम चित्रांचे ओठ हलवतात, हे मलाही तिथं गेल्यावरच कळलं. कासवाचा आवाज खाजाभाईंचा होता. आठ भाग पुरे झाले होते. नववा अर्ध्यावर असताना खाजाभाई गेले आणि कासव पडद्यावर तोंड उघडून बसून राहिलं.

त्या मालिकेत मी बगळा होतो. ते कसं झालं, ते सांगतो.

माझं नाव प्रकाश लोहेकर. नांदेडात बावीस वर्षं सूत्रसंचालन करतो. पुस्तक प्रकाशनं, निरोप समारंभ, एकसष्ट्या, शाळांची स्नेहसंमेलनं. गाव लोह्याजवळचं, घर शेतकऱ्याचं. कॉलेजात पहिल्यांदा माइकसमोर उभा राहिलो आणि तोंडातून 'न्हाई' निघालं, तेव्हा सगळा हॉल हसला. त्या दिवसापासून मी जीभ घासायला घेतली. 'न्हाई' गेलं, 'हाय' गेलं, 'लई' गेलं. रेडिओवरच्या बातम्या ऐकून आरशासमोर म्हणायचो. कुणी विचारलं, "सर मूळचे पुण्याचे का?" तर मला दिवसभर बरं वाटायचं. एवढ्या कष्टानं कमावलेला आवाज माझा, आणि गावात नाव कुणाच्या आवाजाचं? तर एका गादीवाल्याच्या.

खाजाभाई धंद्यानं पिंजारी. जुन्या नांदेडात त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं, वडिलांच्या वेळचं. उंच, काटकुळा माणूस. शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली. मे महिन्यातसुद्धा मानेला मफलर. भुवयांत कायम कापसाचा एखादा तंतू अडकलेला असायचा. स्वतःचा कधी दिसायचा नाही, दुसऱ्याचा मात्र लांबून दिसायचा. समोर कुणीही असो, बोलता बोलता हात पुढं करायचे आणि दोन बोटांच्या चिमटीत त्याच्या खांद्यावरचा कापूस उचलायचे. एकदा स्टेजवर पाहुणे म्हणून आलेल्या मोठ्या साहेबांच्या कोटावरचा त्यांनी असाच उचलला होता. साहेबांचा शिपाई धावत आला, साहेब मात्र हसले. माझ्यासोबत तर हे प्रत्येक भेटीत व्हायचं. मला वाटायचं, मुद्दाम करतात. चार लोकांत मला पोरासारखं झटकतात.

गाद्यांखेरीज त्यांचा दुसरा उद्योग म्हणजे ऑटोतला पुकारा. भोंगा लावलेला ऑटो घेऊन ते गल्लोगल्ली फिरायचे. नळाला पाणी येणार नाही, उरूस आहे, सर्कस आली, अमक्याचं मूल हरवलं, सगळं त्यांच्या आवाजात. कापसाची धूळ बसून बसून त्या आवाजाला एक खरखर आली होती, आणि ती खरखरच लोकांना गोड वाटायची. बाया हातातलं काम टाकून दारात यायच्या. मी असा आवाज काढला असता तर डॉक्टरकडं पाठवलं असतं.

एका वाचनालयाच्या कार्यक्रमाची गोष्ट आहे. मोकळं मैदान, भरपूर गर्दी, माइकवर मी. पाहुण्यांची ओळख रंगात आलेली आणि लाइट गेली. माइक मेला. मी आवाज चढवला, तर तिसऱ्या रांगेपुढं तो जाईना. मागं चुळबूळ सुरू झाली, खुर्च्या सरकायला लागल्या, लेकरं उठून पळायला लागली. त्या कार्यक्रमाचा पुकारा खाजाभाईंनी केला होता, म्हणून ते सहज येऊन कडेला उभे होते. तिथूनच ते म्हणाले, "बसा माय, बसा. लाइट बी माणूसच हाय, दमतीया. येती आत्ता." ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले. मागची बाई हसली, तिच्या शेजारची हसली, आणि उठलेले लोक बसले. मग नव्या नवरीची गादी भरताना सासूबाई कशी मध्ये मध्ये बोट खुपसून बघते, ते त्यांनी करून दाखवलं. लाइट येईपर्यंत सगळं मैदान त्यांच्या ताब्यात होतं. लाइट आली तसे माझ्याकडं वळून म्हणाले, "घ्या साब, तुमची सभा." आभार मानताना अध्यक्षांनी खाजाभाईंचं नाव दोनदा घेतलं. माझं घ्यायचं राहून गेलं.

तर अभयनं कासवाच्या आवाजासाठी लातूरला बोलावलं ते आम्हा दोघांनाच. मी आधी वाचलं. अभयनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "छान आहे सर. पण हे कासव कुठल्यातरी समितीवर असल्यासारखं वाटतंय."

मग खाजाभाई उठले. कागद हातात घेऊन म्हणाले, "जरा पिंजू द्या." हा त्यांचा नेहमीचा शब्द. कुठलंही वाक्य ते आधी ओठातल्या ओठात उलगडून, सुटं करून बघायचे. "गच्च भरलं की गाठी होतात साब. गादीत बी अन् बोलण्यात बी." पिंजून झाल्यावर ते बोलायला लागले आणि मी खुर्चीतच ताठ झालो. ते कासव बोलत सुटलं होतं. अभयनं मुद्दाम तसंच लिहिलं होतं, चालायला संथ आणि तोंडानं भरधाव. पण माझं लक्ष वेगळीकडं होतं. ती भाषा माझ्या गावची होती. माझी चुलती कोंडाबाई असंच बोलायची, वाक्याच्या शेवटी असाच हेल काढायची. ज्याच्या घरात दखनी बोलतात त्या माणसाच्या तोंडून माझी चुलती बोलत होती, आणि मी तिथं 'वास्तविक पाहता' आणि 'तथापि' घेऊन बसलो होतो.

"कुठं शिकलात हे?" मी विचारलं.

"तुमच्याच गावाला," ते म्हणाले. "थंडीच्या दिसांत अब्बासंगं कापूस पिंजायची कमान घिऊन यायचो. पारापाशी बसून गाद्या भरायच्या. बाया बोलत राहायच्या, आम्ही पिंजत राहायचो. तुमच्या वडलांच्या लग्नातली गादी अब्बानंच भरलेली हाय, विचारा घरी."

घरी विचारायला वडील नव्हते. पण खोटं नसणार, आणि त्याचाच मला राग आला.

मला बगळेगुरुजी मिळाले. हा बगळा विहिरीच्या काठावर एका पायावर उभा राहून शुद्ध बोलतो आणि पोरं त्याची टर उडवतात. अभय म्हणाला, "सर, तुम्ही काही करूच नका. नेहमीसारखं बोला."

पुढं वर्षभर आम्ही दोघं महिन्यातून दोन-तीनदा लातूरला एकत्र जायचो. सकाळची एसटी, लोहा, अहमदपूर, लातूर. खाजाभाईंच्या पिशवीत गरम पाण्याचा थर्मास, ज्येष्ठमधाच्या काड्या आणि स्क्रिप्टची घडी. खिडकी ते नेहमी मला द्यायचे. गाडी लोह्याला थांबली की कोपरानं ढोसायचे, "उतरायचं का साब? गाव आलं तुमचं." दर वेळी हेच, आणि दर वेळी स्वतःच हसायचे. मी हसायचो नाही. एकदा मी चिडून म्हणालो, "माझं गाव आता नांदेड आहे." त्यावर त्यांनी माझ्या खांद्यावरचा कापूस उचलला आणि म्हणाले, "हाव. आसंल."

लातुरात अभयचा स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खालच्या दोन मजल्यांवर डॉक्टर-इंजिनिअर घडवणारे क्लास. सगळ्या जिन्याच्या भिंतींवर पहिल्या आलेल्या मुलामुलींचे फोटो, नावं आणि मार्क. खाजाभाईंना तो जिना म्हणजे पर्वणी. प्रत्येक वळणावर थांबायचे आणि भिंतीवरची नावं पुकाऱ्याच्या आवाजात वाचायचे. "ऐका हो ऐका! कुमारी वैष्णवी, गाव निलंगा..." क्लासची पोरं पुस्तकं छातीशी धरून भोवती जमायची, आपल्या मित्राचं नाव घ्यायला लावायची, टाळ्या पिटायची. मी वर जाऊन पाणी पिऊन बसलेलो असायचो तरी यांची मिरवणूक खालीच. मला वाटायचं, काय ही हौस! चार पोरं दिसली की याला माइक लागतच नाही.

चार भाग झाल्यावर अभयनं ते किनवटकडच्या एका आश्रमशाळेत दाखवायचे ठरवले. वसतिगृहाच्या जेवणाच्या हॉलमध्ये पांढरी चादर लावली. पोरांनी जेवणाची ताटं मांडीवर घेऊनच बघितलं. संपल्यावर मुख्याध्यापकांनी आमची ओळख करून दिली. मी उठून उभा राहिलो आणि 'बालमित्रांनो' म्हणालो, तशी पोरं माझ्याकडं बघून एका पायावर उभी राहिली. सगळीच्या सगळी. मी हसून साजरं केलं. मग खाजाभाई उठले आणि नुसतं "काय करून राहिले रे पोट्टेहो?" म्हणाले. पुढं मला हॉल दिसेना, नुसती डोकी दिसत होती. कुणी त्यांच्या मफलरला लोंबकळत होतं, एक मुलगी त्यांच्या पाठीवर कवच शोधत होती. परत येताना जीपमध्ये त्यांच्या शर्टाला वरणाचे डाग होते आणि तेवढ्यात ते झोपूनही गेले. मला तो डागांचा शर्ट हवा होता, हे मी आज कबूल करतो.

पाचव्या भागापासून एक नवी गोष्ट सुरू झाली. खाजाभाई थांबायला लागले. वाक्याच्या मध्येच, भलत्या ठिकाणी. "मंग त्या म्हशीनं..." आणि थांबायचे. ऐकणारा पुढं झुकायचा. तेवढ्यात हळूच "...पाण्यात पाहिलं." साधी म्हैस पाण्यात पाहते, त्यात काय आहे? पण त्या थांबण्यात विहीर एकदम खोल व्हायची. अभय वेडा झाला. म्हणाला, "सर, ऐकलंत? कासवाला आता वय आलं. मी भरभर बोलणारं लिहिलं होतं, यांनी त्याला म्हातारं केलं." त्यानं पुढची चित्रं त्या थांबण्यावर बेतली. खाजाभाई थांबले की कासवाची मान जरा आत जायची आणि मग बाहेर यायची. लोकांनी मोबाईलवर तेवढाच तुकडा एकमेकांना पाठवला. आमच्या गल्लीतली पोरंसुद्धा आईला "मला... भूक लागली" म्हणायला लागली.

मी त्या थांबण्यावर जितका जळलो तितका आयुष्यात कशावरही जळलो नाही. आवाज देवानं दिलेला असतो, त्याला इलाज नाही. पण हे कसब होतं, आणि कसब मला यायला हवं होतं. मी एसटीत त्यांना विचारलंही, "कुठं थांबायचं हे ठरवता कसं?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आवाज म्हंजे काय साब, हवाच हाय. आली की बोलायचं." मला वाटलं, सांगायचं नाही म्हणून टाळतात. मग मी आपल्या मनानं करून बघितलं. एका मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभात सत्कारमूर्तींच्या नावाआधी तसाच थांबलो. मागून कुणीतरी दबक्या आवाजात मला नाव सांगितलं. लोकांना वाटलं, मी विसरलो.

आणि मग तो दाढीच्या वेळचा फोन.

मयतीला मी गेलो, मातीही दिली. आठवड्याभरात अभय नांदेडला आला. म्हणाला, "सर, दोन-तीन जण ऐकून बघितले. नक्कल होते, कासूआबा होत नाही. नवव्या भागात अर्ध्यापर्यंत खाजाभाई आहेत. सांधा दिसता कामा नये." मी म्हणालो, "मला पंधरा दिवस दे." आणि मनात म्हणालो, बावीस वर्षं दिलीच आहेत.

अभयनं दिलेल्यांपैकी पाचवा ते नववा हे भाग मी कानाला लावून बसलो. घासून काढलेलं सगळं परत आणलं. 'न्हाई' आणलं, 'हाय' आणलं. गंमत म्हणजे ते कुठं गेलेलंच नव्हतं, पहिल्या दोन दिवसांतच तोंडात आलं. पण मी मुख्य धरलं ते थांबणं. शब्दामागं शब्द मांडून कुठं थांबतात ते टिपलं. थांबण्याआधी घशात एक बारीक खर्र व्हायची, तीही उचलली. सोळाव्या दिवशी लातूरला जाऊन चाचणीपुरता एक प्रसंग भरला. अभयनं तो खाजाभाईंच्या आवाजाला जोडून लावला. सांधा दिसत नव्हता. अभयनं माझे हात धरले. मला वाटलं, झालं. आता शेवटच्या पाटीवर माझं नाव येईल, आणि 'बगळेगुरुजी' म्हणून नव्हे.

अभय भला मुलगा. म्हणाला, "घरच्यांना एकदा ऐकवू सर. त्यांनी हो म्हटलं की पुढचं भरू." मी उत्साहानं हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला तिथं जिंकायचं होतं.

दुकानामागंच घर. भाभी इद्दतीत होत्या, म्हणजे नवऱ्याच्या मागं चार महिने दहा दिवस बाई घरातच राहते आणि परक्या पुरुषासमोर येत नाही. मधल्या दाराला चादर लावलेली होती. बाहेर मी आणि अभय, आत भाभी. त्यांची मुलगी शबाना मोबाईल घेऊन आत गेली. चादरीपलीकडं माझा कासूआबा बोलायला लागला. "पोराहो, इहिरीला बी... झोप लागती." मी चादरीकडं बघत बसलो. आतून रडण्याचा आवाज येईल, अशी माझी अटकळ होती.

"बंद कर," भाभी आतून म्हणाल्या. अगदी शांत आवाजात.

आवाज बंद झाला. मग त्या म्हणाल्या, "लोहेकरभाऊ, ह्यो त्यांचा आवाज न्हाई. ही त्यांची बिमारी हाय."

मला आधी कळलंच नाही.

"छातीत कापूस बसला व्हता. श्वास पुरत नव्हता त्यांना. चार शब्द बोलले की हवा संपायची, मंग थांबायचे. डॉक्टर बोलले, जिने चढू नका, बोलणं कमी करा. ते न्हाई म्हणले. लातूरवाल्यांना कळलं तर काम जाईल म्हणले. म्हणायचे, लोहेकरसाब तयारच बसलेत."

अभय माझ्याकडं बघत होता. मी चपलांकडं बघत होतो.

"पयले भाग ऐकले न्हाई का तुमी?" चादरीपलीकडून प्रश्न आला. "तवाचा त्यांचा आवाज."

नव्हते ऐकले. पहिल्या चार भागांत थांबणं नव्हतं, म्हणून मी ते बाजूला ठेवले होते. इतके महिने मी ज्या गोष्टीवर जळत होतो ती एका माणसाची धाप होती. आणि पंधरा दिवस दार लावून, आरशासमोर बसून, मी ती धाप पाठ केली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निघताना शबानानं एक जाड पाकीट माझ्या हातात दिलं. "अम्मी म्हणाली, तुमाला द्या." आत नवव्या आणि दहाव्या भागाची स्क्रिप्ट होती. ओळीओळीत शिसपेन्सिलीच्या बारक्या उभ्या रेघा. शबाना म्हणाली, "अब्बा ह्याला टाके म्हणायचे. गादीला कसं, कापूस हलू नये म्हणून टाका घालतात ना, तसं. रोज सकाळी दुकानात बसून मोठ्यानं वाचायचे. हवा कुठं संपती ते बघायचे, अन् तिथं न्हाई, तर त्याच्या दोन शब्द आधी, चांगली जागा बघून टाका घालायचे. म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं, ठरवून थांबले."

म्हणजे कसब होतं. धाप रोगाची होती, जागा त्यांची होती. माझी सुटका झाली म्हणावी, तर तीही नाही. माझा हेवा परत जिवंत झाला, आधीपेक्षा जास्त. श्वास संपत आलेला माणूस तो श्वास कुठं खर्च करायचा हे पेन्सिलीनं ठरवत होता. मला दोन्ही फुप्फुसं धडधाकट असून असं एक वाक्य बोलता आलं नव्हतं. दहाव्या भागाच्या शेवटच्या पानापर्यंत टाके घातलेले होते. जे बोलायला आपण असणार नाही कदाचित, तेही त्यांनी पिंजून ठेवलं होतं.

उरलेले दीड भाग मी त्या टाक्यांवर भरले. चाचणीचा तुकडा टाकून दिला. घशातली खर्र काढून टाकली. ती त्यांची होती, तिच्यावर माझा हक्क नव्हता. आधी चार जुने भाग ऐकले आणि त्यातलं भरधाव बोलणारं कासव मनात धरलं. मग जिथं रेघ दिसली तिथं थांबलो. दोन शब्द जास्त बोलता येत असताना थांबलो. हे फार अवघड असतं. शेवटच्या प्रसंगात कासव पोरांना म्हणतं, "जावा आता, तुमच्या माया वाट बघत्यात." अभयनं हे एका दमात लिहिलं होतं. खाजाभाईंनी 'जावा' नंतर रेघ मारलेली. तिथं मी थांबलो आणि पुढचं मला लवकर बोलता आलं नाही. अभयनं तोच तुकडा ठेवला. लोकांना तो सगळ्यात आवडतो, असं तो सांगतो. त्यात माझं काय आहे, मला ठाऊक नाही.

पाटीवर नावं कशी टाकायची, हे त्यानं मला विचारलं. माझं काढून टाक म्हणण्याएवढा मी मोठा नाही. मी म्हणालो, "त्यांचं वर, माझं खाली. अक्षरं मात्र सारख्याच आकाराची." मालिका आली, पोरांनी बघितली. सांधा कुणालाच दिसला नाही. मी कुठं सुरू झालो हे आजवर एकानंही मला विचारलेलं नाही, आणि कधीतरी कुणीतरी विचारावं, असं मला अजून वाटतं.

लातूरच्या त्या जिन्यावर मी अजूनही जातो. आता अभयचं दुसरं काम चालू आहे. भिंतीवर नवे फोटो लागलेत. पण वळणावर आलं की मला ती शेवटची सकाळ दिसते, नववा भाग अर्धा भरला त्या दिवशीची. बसमधून उतरलो तेव्हा मला घाई होती. खाजाभाई आत आले की सगळे त्यांच्याभोवती गोळा होतात, त्याआधी माझ्या बगळ्याच्या ओळी भरून घ्यायच्या होत्या. पहिल्याच वळणावर ते थांबले. कठड्याला हात धरून भिंतीवरच्या फोटोंकडं बघत म्हणाले, "तुमी व्हा म्होरं साब. ह्या लेकरांची हजेरी घिऊन... आलोच." मी त्यांना ओलांडून निघालो तसा त्यांनी हात पुढं केला, माझ्या खांद्यावर काहीतरी दिसलं असणार. मी खांदा चुकवला आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेलो. वरच्या वळणावरून खाली बघितलं, तर तो हात अजून तसाच होता. मग तो त्यांनी सावकाश कठड्यावर ठेवला.

क्लासची पोरं जमली होती. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तरी खालून आवाज येत होता. "ऐका हो ऐका... कुमारी..." आणि थांबले. पोरं श्वास रोखून उभी असणार. इतका वेळ थांबले की मलाही दाराशी थांबावं लागलं. "...रुक्साना. गाव... मुदखेड." टाळ्या पडल्या. काय थांबतो हा माणूस, मी मनात म्हणालो, आणि जळत जळत स्टुडिओचं दार ढकललं.